नऊ जणांची हजेरी

तिसरीतलं नववं मूल अडलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.

शेजारी टॅब घेऊन बसलेल्या अमोल सरांनी मान वर न करता विचारलं, "काय टाकू मॅडम?"

"अक्षर."

"हिलाही अक्षरच?"

"हिलाही."

मुलगी माझ्यासमोर उभी होती. फ्रॉकवर कुणा मोठ्या माणसाचं स्वेटर, बाह्या तीनदा दुमडलेल्या. नाव पल्लवी. मी तिच्या हातात उताऱ्याचा कागद दिला होता. तिने तो दोन मिनिटं धरून ठेवला. मग मी वाक्यांचा दिला, मग शब्दांचा. शेवटी सुट्या अक्षरांवर बोट ठेवलं, तेव्हा ती पुटपुटली, "क... म... ल..." आणि थांबली.

"जा बाळ, बस," मी म्हणाले. ती जागेवर गेली नाही. टॅबकडे बघत राहिली. अमोल सरांनी पुढचं नाव पुकारलं, तेव्हा हलली.

वाचन तपासायच्या आमच्या चार पायऱ्या असतात. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. तिसरीच्या मुलाला चार-पाच ओळींचा सोपा उतारा वाचता यावा, अशी अपेक्षा. वर्गातल्या किती मुलांना तो येतो यावर शाळेच्या श्रेणीचा मोठा भाग ठरतो. बाकीचे गुण इमारत, पाणी, स्वच्छतागृह, रेकॉर्ड यांचे. सगळं टॅबमध्ये भरायचं. बेरीज टॅबच करतो आणि अ, ब, क यांतलं एक अक्षर दाखवतो.

मी त्या वेळी केंद्रप्रमुख होते. केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा प्राथमिक शाळांवर देखरेख करणारा माणूस. मूल्यमापनासाठी मात्र आपलं केंद्र सोडून दुसऱ्याच्या शाळांवर पाठवतात, म्हणजे ओळखीचा प्रश्न येत नाही. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. आकुर्डीहून सकाळी निघून तळवडे-निघोजे रस्त्याने चाकणच्या बाजूला यायचं, दिवसभर एक शाळा बघायची, संध्याकाळी कंपन्यांची शिफ्ट सुटायच्या आत परत फिरायचं. नाहीतर बसच्या रांगेत दीड तास जातो.

ही शाळा एका गावाच्या कडेला होती. जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. एका बाजूला गावठाण, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी. गावातल्या बऱ्याच घरांची मुलं पिवळ्या बसने इंग्लिश मीडियमला जायची. वर्गात होती ती मुख्यतः चाळींमधली. परभणी, हिंगोली, बीड, वाशीम. आईबाप कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर किंवा मार्केटमध्ये कांदा निवडायला.

शाळा कशी आहे हे बघायच्या माझ्या स्वतःच्याही काही पद्धती होत्या. त्या कुठल्या फॉर्ममध्ये नाहीत. मी आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लावून बघते. मग फळ्याच्या खालच्या भागात खडूच्या खुणा आहेत का ते बघते, कारण तिथे मुलांचा हात पोहोचतो, बाईंचा सहसा जात नाही. आणि मग स्वयंपाकाच्या खोलीत जाते.

या शाळेतली कडी नवीन होती. फळ्याचा खालचा भाग लिहून-पुसून पांढरा पडला होता. म्हणूनच मला तिसरीचा निकाल कळेना.

"तेवीसपैकी नऊ अक्षरांवरच अडली," अमोल सर म्हणाले. "मॅडम, शाळा क मध्ये जातेय."

अमोल सर तिशीचे. विषयतज्ज्ञ, म्हणजे भाषा-गणित कसं शिकवावं हे शिक्षकांना दाखवणारे. माणूस हुशार, कामाला चोख. बोलायला जरा घाईचे.

"गेल्या आठवड्यातली शाळा आठवते का?" ते म्हणाले. "तिथे तिसरीत पाच जण आजारी होते. सगळे एकाच दिवशी."

मला आठवत होतं. परीक्षेच्या दिवशी कच्ची मुलं आजारी पडतात. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. गैरहजर मूल टक्केवारीत धरत नाहीत.

मी स्वयंपाकाच्या खोलीत गेले. शेवंतामावशी खिचडी ढवळत होत्या. गावातल्याच, साठीच्या पुढच्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "मावशी, आज तांदूळ किती टाकला?"

"आज दोन मापं जास्त हाय," त्या म्हणाल्या. "पोरं लई आल्यात."

"का बरं?"

"बाई गेली व्हती की सकाळच्याला खोल्याखोल्यांनी. एकेकाला उठवून आणलं. दोघं तर बिनआंघोळीची हायती. आमी म्हनलं, आज सायेब लोक येनार, आजच कशाला ह्यांना गोळा करती? तर म्हनली, मावशी तुमी तांदूळ वाढवा."

बाई म्हणजे मुख्याध्यापिका वैशाली ढमाले. पंचेचाळिशीच्या असतील. तिसरीचा वर्गही त्यांच्याकडेच. मी त्यांना ऑफिसमध्ये गाठलं. ऑफिस म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि पुस्तकांचे गठ्ठे.

"मॅडम, आज एवढी हजेरी कशी?"

"घेऊन आले मी."

"मूल्यमापन आहे हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"म्हणून तर आणलं." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "रोज त्यांना म्हणते, शाळेत या, शाळेत या. परीक्षेच्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगू की आज नको?"

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या. मला मात्र बसावंसं वाटेना.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मावळातल्या एका शाळेत होते. तपासणी होती. माझ्या वर्गात सुमन नावाची मुलगी होती, तिला पाढे येत नसत, आणि विचारलं की ती रडायची. आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "सुमन, उद्या घरी राहा हं. परवा ये." तपासणी छान झाली. सुमन परवा आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि दारापाशी उभी राहिली. म्हणाली, "बाई, आज चालंल का?" पुढे ती शिकली, पाचवीपर्यंत माझ्याकडेच होती. पण आत येण्याआधी विचारायची सवय तिची कधी गेली नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ढमाले बाईंनाही सांगितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि बाहेर आले.

साडेबाराला साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, आमचे वरिष्ठ. अमोल सरांनी त्यांना आधीच मेसेज टाकला असावा.

"सावंत मॅडम, काय म्हणते शाळा?"

"शाळा चांगली आहे साहेब. तिसरीचं वाचन कमी पडतंय."

"किती कमी?"

मी सांगितलं.

"ही मुलं कधीची आहेत?"

"दिवाळीनंतर आलेली. एक-दोन तर संक्रांतीच्या सुमारास."

"म्हणजे दोन-तीन महिने. मग त्यात शिक्षकाचा काय दोष? मॅडम, त्यांना गैरहजर दाखवा."

"साहेब, मुलं वर्गात बसलीयत."

"मला कळतंय. पण नीट विचार करा. शाळा क मध्ये गेली की यादी लागते. गावात बोभाटा होतो. गावातली उरलेली मुलंही बसमध्ये बसतात. पट कमी झाला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची बदली होते. मग ह्याच मुलांना कोण शिकवणार? मी शाळेच्या भल्याचंच सांगतोय."

पट म्हणजे शाळेत नोंदलेल्या मुलांची एकूण संख्या. शिक्षकांची पदं त्यावरच मिळतात. साहेब खोटं बोलत नव्हते. एक शिक्षक गेला की दोन वर्ग एकत्र बसतात, हे मी चार शाळांत पाहिलं होतं.

अमोल सर म्हणाले, "मॅडम, इथे फोन लागतो, पण नेट चालत नाही. सबमिट संध्याकाळीच होईल. तोपर्यंत बदल करता येतो."

टॅबबरोबर एक कागदी तक्ताही भरायचा असतो, सह्यांसाठी. मुलांची नावं आणि समोर पायरी. मी तो समोर घेतला. पेन नव्हे, पेन्सिल घेतली. नऊ नावांसमोर सकाळी पेन्सिलीनेच लिहिलेलं "अक्षर" पुसलं आणि "गै" लिहिलं. हजेरीपटावर गैरहजर मुलासमोर आपण लिहितो तसं. एक ओळ, दुसरी ओळ. ढमाले बाईंचा विचार करत लिहीत होते. खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. चांगल्या शिक्षिकेला आपण वाचवतोय असं.

जेवणाची सुट्टी झाली होती. मुलं ओळीने बसून जेवली, ताटल्या धुवायला नळावर गेली. मी ऑफिसच्या दाराशी ओट्यावर बसले होते, तक्ता मांडीवर. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. हातातल्या ताटलीतून पाणी ठिबकत होतं. स्वेटरची बाही सुटून ओली झाली होती.

"बाई, माझं किती आलं?"

"मार्क नसतात गं ह्याला."

"मग काय असतंय?"

"नुसतं बघतो आम्ही, कोण काय वाचतं ते."

ती तक्त्यावर वाकली. बोट वरून खाली फिरवत तिने आपलं नाव शोधलं. "पल्लवी" सापडल्यावर बोट उजवीकडे नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"गै," ती म्हणाली. "गै म्हणजे गैरहजर."

मी पेन्सिल तक्त्याखाली सरकवली.

"बाई, मी तर आलेय की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझी चूक झालीय आणि ती सांगितली पाहिजे, एवढंच होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. "आणि मारुतीपण आलाय. तो काय, नळावर. त्याच्यापुढं पण गै हाय."

मला वाटतं, इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या वरिष्ठासमोर मी इतकी खजील झाले नव्हते. ही मुलगी सकाळी माझ्यासमोर तीन अक्षरं वाचून गप्प झाली होती. आता तिने दोन नावं शोधून वाचली होती, त्यातल्या एकात जोडाक्षर, आणि "गै" चा अर्थ सांगितला होता.

"चुकून लिहिलं गेलं," मी म्हणाले.

"रबर देऊ?"

ती आत पळाली आणि नखाएवढा रबराचा तुकडा घेऊन आली. मी तिचं "गै" पुसलं. ती थांबून बघत होती. मारुतीचं पुसलं. मग बाकीच्या सातांचंही. कागद जरा काळा झाला. तिने रबर परत घेतलं, फुंकर मारून साफ केलं आणि खिशात ठेवलं.

"पल्लवी, सकाळी का नाही वाचलंस?"

ती ताटलीची कड चाचपत राहिली. "ते सर बोटानं टक्कन दाबत होते. मला वाटलं, चुकलं म्हणून."

अमोल सर मागेच उभे होते. त्यांनी टॅब बंद केला.

मूल घाबरलेलं असेल तर त्याच दिवशी पुन्हा संधी द्यावी, असं आमच्या सूचनापत्रकात एका ओळीत लिहिलेलं आहे. वर्षानुवर्षं ती ओळ कुणी वाचत नाही. सुट्टीनंतर मी नऊ मुलांना ओट्यावर बोलावलं. टॅब आत ठेवला. अमोल सर खाली पायरीवर बसले. मी कागद देण्याआधी प्रत्येकाला विचारलं, कुठून आलास, घरी कोण असतं, काल काय भाजी होती. मग कागद दिला.

मारुती शब्द वाचू लागला. पल्लवीने शब्द वाचले आणि दोन वाक्यंही, बोट ठेवून, मोठ्याने. एक मुलगी अक्षरांवरच राहिली, पण सकाळी न ओळखलेली चार अक्षरं तिला आली. एक मुलगा होता तिथेच राहिला. तो दहा दिवसांपूर्वीच आला होता. उतारा मात्र नऊपैकी एकालाही आला नाही.

अमोल सरांनी नव्या नोंदी भरल्या. बेरीज पाहिली. "तरी क च येतोय मॅडम," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खाली होता.

"येऊ दे."

"साहेबांना काय सांगायचं?"

"मी सांगते."

मी तक्त्यावर पेनने पायऱ्या लिहिल्या आणि ढमाले बाईंना बोलावलं. काही लपवलं नाही. साहेबांचा फोन सांगितला, मी काय लिहिलं होतं ते सांगितलं, पल्लवीने काय वाचलं ते सांगितलं. श्रेणी सांगितली. त्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकत होत्या.

"पल्लवीने 'गै' वाचलं?" त्यांनी विचारलं.

"हो. अर्थासकट."

त्यांचे डोळे भरले. त्यांनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला. "दिवाळीनंतर आली तेव्हा पेन्सिल धरता येत नव्हती तिला. आधी आईबापाबरोबर ऊसतोडीला असायची. आता आई कांद्याला जाते, बाप वेल्डिंगला." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू? तुम्ही मला आधी विचारलं असतं ना, तर गैरहजर दाखवायला मी कदाचित हो म्हटलं असतं. मला पण माझा चौथा शिक्षक टिकवायचाय."

हे ऐकून मला त्या अधिकच आवडल्या.

"दिवाळीनंतर पेन्सिल धरता येत नव्हती, हे कुठे लिहून ठेवलंय का?" मी विचारलं.

त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढली. प्रत्येक मुलाला एक पान. वर दाखल झाल्याची तारीख. त्याखाली त्या दिवशी मुलाला काय येत होतं ते. मग दर पंधरा दिवसांनी एक ओळ. "आज क आणि फ यांत गोंधळ नाही." "आज स्वतःहून बोलला." "चार दिवस गैरहजर, भाऊ आजारी." मी अर्धा तास ती वही वाचत बसले. पाच शिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलं, पण शाळेचं इतकं खरं रेकॉर्ड पाहिलं नव्हतं.

"ही सकाळी का दाखवली नाहीत?"

"फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं."

फॉर्ममध्ये खरंच विचारलेलं नव्हतं. मूल शाळेत पाच वर्षांपासून आहे की पाच दिवसांपासून, यासाठी रकाना नव्हता. मी एक कोरा कागद घेतला. नऊ मुलांची नावं, दाखल झाल्याची तारीख, त्या दिवशीची पायरी, आजची पायरी. खाली माझा शेरा लिहिला आणि सही केली. अमोल सर म्हणाले, "माझी पण घ्या." त्यांनी सही केली, पदासकट.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. ते रागावले. आवाज चढवला नाही, पण "मॅडम, तुम्ही चार महिन्यांनी घरी जाल, निस्तरायचं आम्हाला आहे," असं म्हणाले. त्यात तथ्य होतं. मी ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी ढमाले बाईंना पत्र आलं. तिसरीची वाचनाची पातळी कमी का, याचा लेखी खुलासा घेऊन समक्ष हजर राहावं. सरकारी नोकरीत खुलासा म्हणजे झाल्या गोष्टीबद्दल द्यायचं स्पष्टीकरण. माणूस निर्दोष असला तरी त्या शब्दाने रात्रीची झोप जाते. मला बोलावलेलं नव्हतं. मी रजा टाकून गेले.

साहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर ढमाले बाई बसल्या होत्या. हातात फाईल आणि वही. मला बघून सरकल्या.

"तुम्ही कशाला आलात?"

"श्रेणी मी दिलीय. माझा पण खुलासा असेल ना."

आत साहेबांनी मला बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण बसा म्हणाले. ढमाले बाईंनी कागद पुढे केला. दोनच ओळी होत्या. "सदर मुले शाळेत उशिरा दाखल झाली. दाखल झाल्यापासून शिकत आहेत."

"एवढंच?"

"हो साहेब. एवढंच घडलंय."

"ह्यावर मी वर काय लिहू?"

त्यांनी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडली, मिटवण्यासाठीच उघडावी तशी. एक पान वाचलं. मग दुसरं. शिपायाने आणलेला चहा तसाच राहिला.

साहेब मूळचे शिक्षक. वाचता वाचता म्हणाले, "हा मुलगा इथपर्यंत आला आणि मग पुढे काही नाही?"

"गेला साहेब. वडिलांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. गावी गेले की दुसऱ्या कंपनीकडे, माहीत नाही."

"आणि ही?"

"ती अजून आहे."

साहेबांनी माझा कागद मूल्यमापनाच्या फाईलमधून काढला, वाचला आणि खुलाशाला टाचणी लावून जोडला. "ह्याला फॉर्ममध्ये जागा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे," ते मला म्हणाले.

"माहीत आहे साहेब."

"श्रेणी बदलता येणार नाही."

"नका बदलू."

त्यांनी खुलाशावर "मान्य" लिहिलं आणि सही केली. मग ढमाले बाईंना म्हणाले, "क श्रेणीच्या शाळांना वाचनासाठी दर शनिवारी विषयतज्ज्ञ द्यायचा आदेश आहे. कोण पाठवू?"

मी अमोल सरांचं नाव सुचवलं. त्यांना हे नंतर कळलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला. मला वाटलं, शनिवार गेला म्हणून कुरकुर करतील. त्यांनी विचारलं, "मॅडम, मुलांना न घाबरवता वाचायला कसं बसवायचं, ते सांगाल का जरा?"

निवृत्तीआधी, उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी मी त्या शाळेत गेले. काही काम नव्हतं. अमोल सर तिसरीच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून बसले होते, भोवती दहा-बारा मुलं. टॅब दिसला नाही. नऊपैकी चार मुलं तोवर निघून गेली होती. उरलेल्यांपैकी तिघं उतारा वाचत होती, अडखळत.

पल्लवी ऑफिसमध्ये होती, आईबरोबर. तिचं कुटुंब रांजणगावच्या बाजूला चाललं होतं. वडिलांना तिकडे काम मिळालं होतं. ढमाले बाई शाळा सोडल्याचा दाखला लिहीत होत्या. दाखल्याला त्यांनी आपल्या वहीतल्या पानाची नक्कल जोडली, म्हणजे पुढच्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. सगळ्या जाणाऱ्या मुलांना त्या तशी देतात.

"वाच बघू काय लिहिलंय तुझ्याबद्दल," बाई म्हणाल्या.

पल्लवीने कागद दोन्ही हातांनी धरला. "पल्लवी सोपा उतारा वाचते. तिला गोष्टी आवडतात. ती..." पुढे अवघड जोडाक्षर आलं. ती थांबली, ओठ हलवत राहिली आणि मग एका दमात म्हणाली, "जोडाक्षरांना अडखळते."

बाई हसल्या. आईला वाचता येत नव्हतं. ती मुलीच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "बाई, चांगलं लिव्हलंय का वाईट?"

"खरं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "आणि चांगलं पण आहे."

आईने कागद घडी करून पिशवीत ठेवला, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये. दोघी गेटपर्यंत गेल्या. पल्लवीने वळून बघितलं नाही. बाहेर टेम्पो उभा होता, तिला पुढे बसायचं होतं.

त्या जूनमध्ये गावातली दोन मुलं इंग्लिश शाळेत गेली. त्याच महिन्यात एका कंपनीच्या नव्या शेडच्या बाजूच्या चाळीतून अकरा आली. चौथा शिक्षक राहिला. शाळेची श्रेणी पुढच्या वर्षीही क च आली, कारण तिसरीत पुन्हा नवी मुलं होती. शनिवारचे अमोल सर चालू राहिले.

ज्या शाळेत पाच जण एकाच दिवशी आजारी पडले होते, तिला अ मिळाला. तिथे शनिवारी कुणी जात नाही. रुग्ण बरा आहे असं लिहून दिल्यावर औषध येत नाही, हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर, शेवटच्या चार महिन्यांत कळलं.